पूर्व की पश्चिम? वाळवंटातील एका महानगरात घर शोधताना

रात्रीच्या विमानाने फीनिक्सला उतरणाऱ्या प्रवाशास खिडकीतून प्रथम दिसतो तो केवळ काळोख. खाली सोनोरन वाळवंट पसरलेले असते आणि कोसच्या कोस एकही दिवा दिसत नाही. मग अचानक दिव्यांचा एक अफाट पट उलगडतो. सरळ रेषा, काटकोनात छेदणारे रस्ते आणि मैला-मैलाच्या आखीव चौकटी. अमेरिकेच्या अरिझोना राज्याची ही राजधानी सोळा लाख वस्तीची आहे. भोवतालची उपनगरे धरली तर २०२० च्या जनगणनेनुसार हे महानगर सुमारे ४८ लाखांचे होते. पश्चिम टोकाच्या बकायपासून आग्नेय टोकाच्या क्वीन क्रीकपर्यंत जायचे तर शंभर किलोमीटरहून अधिक रस्ता तुडवावा लागतो. पुण्याहून साताऱ्यास जावे तसे हे अंतर, आणि तेही एकाच महानगराच्या आत! वर्षभराचा पाऊस मात्र दोनशे मिलिमीटरही भरत नाही.

या शहरात घर शोधणाऱ्यास भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "पूर्वेला घेणार की पश्चिमेला?"

हा प्रश्न येथील पत्त्यांतच दडलेला आहे. शहराच्या मध्यातून सेंट्रल ॲव्हेन्यू हा रस्ता दक्षिणोत्तर जातो. त्याच्या पश्चिमेस समांतर जाणारे क्रमांकांचे रस्ते 'ॲव्हेन्यू' म्हणवतात, तर पूर्वेकडचे 'स्ट्रीट'. सातवा ॲव्हेन्यू आणि सातवा स्ट्रीट यांत गल्लत झाली की पाहुणा भलत्याच दारात उभा राहतो. पण एकदा ही खूण कळली की पत्ता ऐकताच माणूस मध्यापासून किती दूर आणि कोणत्या अंगाला राहतो हे समजते.

टेम्पी येथे भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका तरुण जैन दांपत्यापुढे गेल्या वर्षी हाच प्रश्न उभा राहिला. पती नुकताच फीनिक्सच्या उत्तर भागात नोकरीस लागला होता आणि पत्नीची कचेरी आग्नेयेस चँडलरमध्ये होती. मुलगा शाळेत जाऊ लागला होता. त्यातच ऑगस्टअखेरीस नगर जिल्ह्यातून आई-वडील पाच महिन्यांसाठी आले. कुटुंब मूळचे मारवाडचे, पण भुसार मालाचे अडत दुकान महाराष्ट्रात तीन पिढ्यांचे. दुकान थोरल्या मुलाच्या हाती सोपवून वडील मोकळे झाले होते. यापुढे वर्षातील काही महिने धाकट्याकडे काढावेत, असा उभयतांचा विचार होता. त्यामुळे घर केवळ तिघांचे नव्हे, पाचांचे पाहावयाचे होते.

वडिलांनी एक वही आणविली आणि प्रत्येक दिशेसाठी एकेक पान राखले. पानाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे 'जमा' आणि उजवीकडे 'नावे' असे लिहिले. दर रविवारी एक दिशा पाहावयाची आणि संध्याकाळी पान भरावयाचे, असे ठरले.

पहिला रविवार पूर्वेचा. टेम्पी, मेसा, चँडलर, गिल्बर्ट आणि स्कॉट्सडेल ही इकडची मोठी नगरे. टेम्पीत अरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी आहे. चँडलरमध्ये इंटेल कंपनीचे चिपनिर्मितीचे कारखाने आहेत. त्यांच्या आणि इतर तंत्रज्ञान कंपन्यांच्या आधाराने भारतीय कुटुंबांनी या भागात जम बसवला. किराणा दुकानात तूरडाळ, गूळ, ज्वारीचे पीठ, सारे मिळते. शाळांचा लौकिक चांगला आहे. फीनिक्समधून टेम्पीमार्गे मेसापर्यंत हलकी रेल्वे धावते. दुकानातील एका ज्येष्ठ गृहस्थाने तर चालकाविना चालणाऱ्या टॅक्सीत बसून मंदिरात गेल्याची हकीकत सांगितली. महानगराच्या पूर्व भागात २०२० पासून अशा टॅक्सी सर्वसामान्यांना मिळू लागल्या आहेत. ज्यास परदेशात मोटार चालवता येत नाही, त्या वृद्धाच्या दृष्टीने ही सोय लहान नव्हे. जमेची बाजू भराभर भरली. नावे बाजूस पहिलीच नोंद भावाची पडली. त्याच मापाचे घर पश्चिमेपेक्षा पूर्वेला महाग पडते.

दुसऱ्या रविवारी पश्चिम. ग्लेनडेल, पिओरिया, ॲव्हनडेल, गुडइयर, सरप्राइज आणि अगदी टोकाला बकाय. एकेकाळी इकडे कापसाची शेते होती. १९६० मध्ये सन सिटी ही निवृत्तांची वसाहत येथेच उभी राहिली आणि तिचे अनुकरण देशभर झाले. आता शेते मागे हटली असून महामार्गांच्या कडेने प्रचंड गोदामे व नव्या वसाहती उभ्या राहत आहेत. तितक्याच पैशांत एक खोली जास्त, अंगण मोठे आणि घर कोरे करकरीत. व्यापाऱ्याची नजर प्रथम येथे सुखावली.

परंतु परतीच्या वाटेवर मुलाने एक गोष्ट सांगितली, ती कोणत्याही जाहिरातीत नसते. पश्चिमेला राहून शहरात कामास जाणाऱ्याच्या डोळ्यांवर सकाळी जाताना उगवता सूर्य येतो आणि संध्याकाळी परतताना मावळता सूर्य. पूर्वेला राहणाऱ्याच्या दोन्ही वेळा तो पाठीशी असतो. वर्षातील बहुतेक दिवस लख्ख उन्हाच्या या प्रदेशात ही तक्रार साधी नाही. वडिलांनी पश्चिमेच्या पानावर नावे बाजूस लिहिले, "सूर्य समोर, दोन वेळा."

तिसरा रविवार उत्तरेचा. तैवानच्या टीएसएमसी या कंपनीने २०२० मध्ये फीनिक्सच्या उत्तर अंगास चिपनिर्मितीचा कारखाना उभारण्याची घोषणा केली आणि तेव्हापासून तिकडच्या माळरानाचे रूपच पालटले. मुलाची नोकरी याच परिसरात. घर येथे घेतले तर त्याची दगदग वाचणार होती, पण सुनेला रोज सारे महानगर ओलांडून चँडलर गाठावे लागणार होते. तिने तक्रार केली नाही. सासूबाईंनी मात्र गाडीतच हिशेब मांडला आणि म्हणाल्या, "एकाचा वेळ वाचवायचा तर दुसऱ्याचा जाणार. हे काही वाचवणं नव्हे."

उत्तरेकडील डोंगरउतारावर सग्वारो निवडुंग दिसले. माणसाच्या कितीतरी पट उंच असे हे निवडुंग या वाळवंटाची ओळख आहेत. त्यांस पहिली फांदी फुटण्यासच बहुधा पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात, आणि परवान्यावाचून ते हलविता येत नाहीत. तेथील एका नव्या घरात राहणाऱ्या जैन गृहिणीने निराळीच अडचण सांगितली. वाळवंट खणून घर बांधले की तेथले मूळ रहिवासी विंचू घरात येतात. शेजारी दर महिन्याला औषध फवारून घेतात, पण ते तिच्या मनास पटत नाही. तिने दाराखालच्या फटी, नळांभोवतीची भोके, सारे बुजवून घेतले आहे. रात्री जांभळ्या अतिनील प्रकाशाची बॅटरी घेऊन ती अंगणात फिरते. त्या प्रकाशात विंचू हिरवट चमकतो. मग लांब चिमट्याने अलगद उचलून बरणीत घालावयाचा आणि दूर रानात सोडून यावयाचे. यतना म्हणजे काय, हे पाठशाळेत शिकलेले होते. त्यासाठी बरणी आणि चिमटा लागतो, हे येथे कळले.

वहीतील तीन पाने भरली, तरी तराजू कोणत्याच बाजूला झुकेना. ज्या गोष्टीने तो झुकला, ती तिन्ही पानांवर नव्हती. ती गोष्ट म्हणजे पाणी.

मारवाडातील वाडवडिलांच्या गोष्टी वडिलांनी लहानपणी ऐकल्या होत्या. अंगणाखाली टांके बांधून त्यात पावसाचे पाणी साठवीत. तूप सांडले तर सोसावे पण पाणी सांडू नये, अशा अर्थाची म्हण आजी नेहमी सांगत असे. त्यामुळे प्रत्येक घर पाहताना ते दलालास एकच प्रश्न विचारीत, "येथे पाणी कोठून येते?" प्रथम मुलास थोडा संकोच वाटे. पुढे तो स्वतःच माहिती काढू लागला.

या खोऱ्याची कथाच मुळी पाण्याची आहे. सॉल्ट व हिला या नद्यांच्या काठी होहोकाम लोकांनी शेकडो वर्षे शेती केली आणि साध्या अवजारांनी शेकडो मैलांचे कालवे खणले. इ.स. १४५० च्या सुमारास त्यांच्या वसाहती ओस पडल्या. १८६७ नंतर आलेल्या वसाहतकारांनी त्याच बुजलेल्या पाटांच्या खुणा धरून नवे कालवे काढले. जुन्या संस्कृतीच्या अवशेषांतून नवे नगर उठत आहे, म्हणून राखेतून पुन्हा जन्मणाऱ्या फीनिक्स पक्ष्याचे नाव त्यास मिळाले. १९११ मध्ये सॉल्ट नदीवर रूझवेल्ट धरण पूर्ण झाले. पुढे दूरच्या कोलोरॅडो नदीचे पाणी पंपांनी उचलून सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्याने वाळवंटात आणले गेले. त्या योजनेचे काम १९९३ मध्ये संपले. आज शहरातून जाणारे सॉल्ट नदीचे पात्र बहुधा कोरडे असते. पूल आहेत, पण नदी कालव्यांत गेली आहे.

अरिझोनाने १९८० मध्ये भूजलाचा उपसा आवरणारा कायदा केला. त्या व्यवस्थेनुसार या महानगराच्या क्षेत्रात नवी वसाहत पाडताना शंभर वर्षे पुरेल इतक्या पाण्याची खात्री दाखवावी लागते. घरासाठी तीस वर्षांचे कर्ज आणि पाण्यासाठी शंभर वर्षांचा दाखला! हिशेबी माणसास ही रीत पसंत पडावी अशीच आहे. मात्र दाखला म्हणजे पाणी नव्हे. कोलोरॅडो नदीची जलाशये खालावल्याने २०२१ च्या ऑगस्टमध्ये इतिहासात प्रथमच टंचाई जाहीर झाली आणि पुढील वर्षापासून अरिझोनाचा वाटा कापला गेला. २०२३ च्या जून महिन्यात राज्य सरकारने सांगितले की, फीनिक्सच्या परिसरातील भूजल पुढील शंभर वर्षांची सारी मागणी भागवू शकणार नाही. केवळ भूजलावर उभ्या राहणाऱ्या नव्या वसाहतींचे दाखले थांबवण्यात आले. आधी मान्य झालेली कामे चालू राहिली आणि पर्यायी वाटांचा शोधही सुरू झाला. पण या निर्णयाची झळ ज्या गावांना प्रामुख्याने बसली, त्यांची नावे वाचून वडील थबकले. एक होते बकाय आणि दुसरे क्वीन क्रीक. एक पश्चिमेचे टोक, दुसरे आग्नेयेचे!

त्याच वर्षाच्या १ जानेवारीस ईशान्येकडील रिओ व्हर्दे फूटहिल्स या वस्तीतील शेकडो घरांचे पाणी अडले होते. तेथील जमीन थोड्या थोड्या भूखंडांत विकली गेल्याने शंभर वर्षांच्या दाखल्याची अट तिला लागलीच नव्हती. टुमदार घरे उठली, पण पाणी येत होते शेजारच्या स्कॉट्सडेलहून टँकरने. स्कॉट्सडेलने आपल्या हद्दीबाहेर पाणी वाहून नेणे बंद केले आणि श्रीमंत घरांतील माणसे पावसाचे पाणी बादल्यांत धरू लागली. पुढे पाण्याची दुसरी सोय झाली, तरी धडा राहिलाच.

त्या संध्याकाळी वडिलांनी वहीची तिन्ही पाने आडवी रेघ मारून बंद केली आणि चौथे पान उघडले. मथळा लिहिला, 'आत की बाहेर?' त्यांचे म्हणणे असे पडले की, या शहरास पूर्व आणि पश्चिम या बाजू नाहीतच. बाजू दोनच. जेथे पाणी आणि माणसे आधीच पोहोचली आहेत ती एक, आणि जेथे ती पोहोचतील असे सांगितले जाते ती दुसरी. कडेच्या नव्या घरांचा भाव कमी असतो याचे कारणही हेच. उरलेली किंमत पुढे अंतराच्या, इंधनाच्या आणि चिंतेच्या रूपाने फेडावी लागते. कडेची बाजू सर्वथा वाईट नव्हे. तेथे डांबर-काँक्रीट कमी असल्याने रात्री मध्यवस्तीपेक्षा गार असतात आणि आकाश मोकळे असते. पण ज्या शहरात २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांवर गेला, ज्या जिल्ह्यात त्या वर्षी ६४५ माणसे उष्म्याने दगावली, तेथे भर दुपारी वातानुकूलन यंत्र बंद पडले तर हाकेच्या अंतरावर कोणी असणे ही चैन नव्हे, गरज आहे.

दुसरा हिशेब आईचा होता, आणि तो सूर्याशी बांधलेला होता. त्यांचा चौविहाराचा नियम चाळीस वर्षांचा. अरिझोनात घड्याळे उन्हाळ्यात तासभर पुढे करीत नाहीत, त्यामुळे जूनमध्येही सूर्य पावणेआठच्या आत मावळतो. डिसेंबरच्या आरंभी मात्र सूर्यास्त सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी होतो. आईंचे स्वतःचे जेवण वेळेवर होतच होते, पण रोज एकट्याने. मुलगा, सून कामावरून परतत तेव्हा अंधार पडलेला असे आणि नातू आजीच्या रिकाम्या ताटाशेजारी बसून जेवत असे. मोठ्या घरांची चर्चा पुन्हा निघाली तेव्हा त्या इतकेच म्हणाल्या, "मला घर मोठं नको. सूर्य मावळायच्या आत सगळे ताटावर असावेत."

अंतर मैलांत मोजावे की मिनिटांत, हा वाद तेथे संपला. ते सूर्यास्तापर्यंत उरलेल्या वेळात मोजावयाचे ठरले. सुनेने आणि मुलाने आपापल्या कचेरीत सकाळी लवकर येऊन चारला निघण्याची मुभा मागितली. उन्हामुळे या शहरात लवकर कामास लागण्याची रीत नवी नाही, त्यामुळे ती मिळाली. आता घर असे हवे होते की चारला निघालेली दोन्ही माणसे पाचपूर्वी दारात यावीत.

मंदिराचे अंतरही याच मापाने मोजले गेले. जैन सेंटर ऑफ ग्रेटर फीनिक्सचे मंदिर शहराच्या दक्षिण भागात, २३ व्या ॲव्हेन्यूवर आहे. पर्युषणात कुटुंब तेथे रोज गेले होते. गावी स्थानक दुकानापासून पाच मिनिटांच्या वाटेवर, येथे मात्र चँडलरहून तीस-पस्तीस किलोमीटर आणि सरप्राइजहून पन्नासच्या आसपास. तरीही दोन्हीकडून माणसे येत होती, प्रतिक्रमणास बसत होती. मंदिरमार्गी, स्थानकवासी, दिगंबर असे भेद परदेशात कोणास फारसे परवडत नाहीत. नकाशा पाहता वडिलांच्या ध्यानात आले की, हे स्थान सेंट्रल ॲव्हेन्यूपासून फार दूर नाही. ते कोणा एकाच्या जवळ नाही, म्हणूनच सर्वांना सारखे आहे.

डिसेंबरच्या मध्यास घर ठरले. ते पूर्वेचे नव्हते, पश्चिमेचेही नव्हते. जुन्या फीनिक्सच्या उत्तर-मध्य भागात, १८८५ मध्ये पूर्ण झालेल्या अरिझोना कालव्याच्या जवळ, गेल्या शतकाच्या मध्यास बांधलेले ते एकमजली घर. खोल्या तीनच, स्वयंपाकघर जुन्या धाटणीचे. पश्चिमेला त्याच पैशांत पाच खोल्या आल्या असत्या. मात्र मुलाचे काम अर्ध्या तासावर आणि सुनेचे त्याहून थोडे अधिक. पुढच्या रस्त्यावर झाडांची सावली, आणि कालव्याच्या काठाने पहाटे चालावयास सरळ वाट.

घर पाहावयास गेले त्या दिवशी शेजारच्या अंगणात घोटाभर पाणी उभे होते. नळ फुटला असावा असे वाटून वडील धावले. शेजाऱ्याने हसून सांगितले की ही पाण्याची पाळी आहे. जुन्या वसाहतींना कालव्याचे पाणी अजून पाळीने मिळते. वेळ ठरलेली असते, कधी मध्यरात्रीचीही. कालव्याची दारे उघडणाऱ्यास येथे 'सांहेरो' असे स्पॅनिश नाव आहे. नगर जिल्ह्यातील माणसास याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. पाट, पाळी आणि पाटकरी, सारे ओळखीचे निघाले. पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास येऊन प्रथमच काही घरचे भेटले.

पण त्या उभ्या पाण्याकडे पाहता पाहता त्यांचा चेहरा गंभीर झाला. ज्या खोऱ्यात कोणी टँकरची वाट पाहते, तेथेच हिरवळीवर घोटाभर पाणी! जैन माणसास पाणी हीच जीवांची राशी. अप्कायाचा विचार करून पाणी गाळून आणि मोजून वापरण्याची शिकवण. हक्काचे पाणी मिळाले म्हणून ते उधळण्याचा हक्क मिळत नाही, असे त्यांनी मुलास सांगितले. त्यावर घरात बराच ऊहापोह झाला. अखेर ठरले ते असे. अंगणातील हिरवळ काढावयाची. जुनी दोन संत्र्यांची झाडे ठेवावयाची, कारण ती तोडणे हीही हिंसाच. त्यांच्या बुंध्याशी आळी करून तेवढ्यापुरतेच पाणी घ्यावयाचे. उरलेल्या जागेत पालो व्हर्दे लावावयाचा. हिरव्या सालीचे हे वाळवंटी झाड थोड्या पाण्यावर जगते आणि वसंतात पिवळ्या फुलांनी भरून जाते.

जानेवारीच्या अखेरीस आई-वडील परतण्यापूर्वी कुटुंब नव्या घरात राहावयास गेले. पहिल्या दिवशी सूर्यास्त सहाला पाच-दहा मिनिटे असताना होता. पाच वाजता दोन्ही मोटारी दारात लागल्या. भिंतींना अजून रंगाचा वास होता आणि जेवणाचे टेबल आले नव्हते, म्हणून पाचही जण जमिनीवर चटई अंथरून बसले. खिचडी आणि कढी एवढेच केले होते. नातवाने खिडकीतून सूर्य कोठवर आला हे पाहण्याचे काम अंगावर घेतले होते.

जेवण आटोपल्यावर वडिलांनी वही काढली. चौथ्या पानावर नावे बाजूस लिहिले, "दोन खोल्या कमी." जमेच्या बाजूस लिहिले, "पाच ताटे, उजेडात." खाली बेरीज न मांडताच त्यांनी वही मिटली आणि ती मुलाच्या हाती दिली.